सहाव्याला पहिलं पाणी

१

सहा सिलिंडर इंजिनात एका ओळीत उभे असतात, प्रार्थनेला पोरं उभी करावीत तसे. पेटायची वेळ आली की मात्र ही ओळ कुणी पाळत नाही. आधी पहिला पेटतो, मग पाचवा, मग तिसरा, सहावा, दुसरा आणि सगळ्यात शेवटी चौथा. एकदा पुढच्या तिघांतला, एकदा मागच्या तिघांतला. त्यामुळे इंजिन थरथरत नाही आणि एकाचा धूर दुसऱ्याच्या तोंडावर जात नाही. ही गोष्टही त्याच क्रमानं सांगितलेली बरी. ज्या घरातली ती आहे, त्या घरात ओळीनं कुणीच पेटलं नाही. धूर मात्र सगळ्यांच्या तोंडावर गेला.

त्या घरातल्या बापाला कारखान्यात कानसेन म्हणत. तोंडावर काका, पाठीमागे कानसेन, आणि दोन्हीत आदर सारखाच. इंजिन तपासायच्या खोलीत ते काचेअलीकडे बसत. काचेपलीकडे इंजिन डायनोला जोडलेलं असे. डायनो म्हणजे इंजिनाला मागे ओढून धरणारं आणि त्याची ताकद मोजणारं धूड. इंजिनाच्या अंगाला तांब्याची एक नळी बोल्टनं आवळलेली. तिला जोडलेली रबरी नळी भिंतीतल्या भोकातून अलीकडे येई आणि तिच्या टोकाला कानावर बसणारे दोन जाड कप. काका ते कप कानावर चढवत, डोळे मिटत, आणि सगळी खोली श्वास धरून उभी राही.

ऐकायचं काय, तर नॉकिंग. ठिणगी जरा लवकर पाडली की इंजिनाची ताकद वाढते. आणखी लवकर, आणखी ताकद. पण एका हद्दीपुढे आतलं इंधन ठिणगीची वाट न पाहता आपणच फुटायला लागतं. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा बारीक, वरच्या पट्टीतला आवाज येतो. तो दुर्लक्षिला की पिस्टनला भोक पडतं. टर्बो लावलेल्या इंजिनात तर फार वेळ लागत नाही. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुरावर गरगर फिरून त्याच्या छातीत जादा हवा कोंबणारा पंखा. जास्त हवा, जास्त दम, आणि फुटायची घाईही जास्त.

आता कुणी म्हणेल, हे ऐकायला इंजिनावर सेन्सर असतो की. असतो. पण नव्या इंजिनाचा सेन्सर तान्ह्या पोरासारखा. कुठला आवाज व्हॉल्व्हचा, कुठला पिस्टनचा आणि कुठला नॉकिंगचा, हे त्याला कुणीतरी शिकवावं लागतं. या कारखान्यात ते काका शिकवत. आवाज आला की ते हात वर करत, आणि डायनोवाला पडद्यावर तिथं रेघ ओढी. पुढे जन्मभर ते इंजिन त्या रेघेप्रमाणे वागे, रेघेवरचा आवाज आला की ठिणगी आपणच मागे घेई. रेघ चढली की इंजिन बहिरं, उतरली की भित्रं. काकांची रेघ कधी चुकली नव्हती.

आणि या खेपेला काचेपलीकडे जे इंजिन होतं, ते काकांच्या लेकीनं आखलेलं होतं.

५

लेकीच्या डिझाइनमधली एक गोष्ट बघायला दुसऱ्या कारखान्यांतली माणसंही येऊन गेली होती. सहा सिलिंडरच्या इंजिनात गार पाणी पुढून शिरतं आणि मागे जाईपर्यंत कोमट होतं. सहाव्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं, शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईसारखं. म्हणून तोच आधी तापतो आणि तोच आधी नॉक करतो. लेकीनं पाण्याची वाटच उलटी केली. सहाव्याला पहिलं पाणी. त्यासाठी सगळा ओतीव भाग नव्यानं आखावा लागला. ओतकामवाले म्हणाले, ताई, यापेक्षा जिलबी ओतायला सांगा. पण शेवटी जमलं. चालत्या इंजिनावर तिनं पाण्याचा पेला ठेवला, तर पाण्यावर सुरकुती नाही.

मोठ्या साहेबांची अट एकच होती. चारशे अश्वशक्ती. तेवढी निघाली तर सहा सिलिंडर बनवायचं, नाहीतर बाहेरून चार सिलिंडरचं तयार इंजिन आणायचं. ते आखूड असतं, कुठल्याही गाडीच्या नाकात बसतं. लांब नाकाच्या गाड्या आता घेतो कोण, असं साहेब येताजाता म्हणत. लेकीच्या हिशेबानं चारशे सहज निघणार होती.

हे सगळं असं जुळून आलेलं असताना एका सकाळी स्वयंपाकघरात फ्रिजचं दार नीट लागलं नाही.

दार उघडं राहिलं की तो फ्रिज टीं टीं करायला लागे. बारीक आवाज, पण डोक्यात जाणारा. बाबा फ्रिजला पाठ टेकून, हातात चहाचा कप घेऊन वर्तमानपत्र वाचत उभे होते. टीं टीं. त्यांनी पान उलटलं. टीं टीं. लेक दारातच थांबली. तिला वाटलं, आत्ता मागे हात करतील आणि दार लोटतील. त्यांनी चहाचा घोट घेतला, कुठल्याशा बातमीला "गाढव आहेत" म्हणाले, आणि पुन्हा पान उलटलं.

तिनंच जाऊन दार लावलं.

"काय शोधतेस?" बाबांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली.

फ्रिजचा आवाज आणि नॉकिंगचा आवाज साधारण एकाच पट्टीतले, बोलण्याहून कितीतरी वरच्या. दुसऱ्या कुणाच्या घरी ही नुसती फ्रिजची गोष्ट झाली असती.

३

(इथे तिघं बोलतात. खरं तर दोघीच, कारण तिसऱ्यापर्यंत काही पोचत नाही.)

आईनं टीव्हीचा आवाज एवढा वाढवून ठेवला होता की खिडकीची तावदानं बोलत होती. बाबा बाहेरच्या खोलीत होते. लेकीनं आईला आतल्या खोलीत नेलं, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायच्या निमित्तानं, आणि सांगून टाकलं.

आईनं हातातला सदरा झटकला. म्हणाली, "तुला आज कळलं होय?"

लेकीनं हातातला टॉवेल खाली ठेवला.

"मला कळून जमाना झाला. टीव्ही मोठा कोण करतं या घरात? मी. का? तर मला कमी ऐकू येतं. मला चांगलं मुंगीच्या पायातलं पैंजण ऐकू येतंय. पण बहिरी म्हणून मी मिरवते. म्हणजे ह्यांना सगळं ऐकू येतं, आणि मला बहिरी म्हणायलाही ह्यांना मिळतं."

"आई, पण माझं इंजिन—"

"तुझं इंजिन लोखंडाचं आहे."

"ॲल्युमिनियमचं."

"तेच ते. पुन्हा ओतता येतं." आईनं बाह्या मागे दुमडल्या, कॉलर सरळ केली. "ह्या माणसातून कान काढलास तर खाली काय उरतं सांग. तू वर्गात पहिली आलीस तेव्हा ह्यांनी पेढ्यांऐवजी कारखान्यात काय सांगितलं, माझ्या कानाची पोर आहे. नाकाची नाही, डोळ्यांची नाही. झाकली मूठ आहे बाई. झाकलेली राहू दे."

तरी लेकीनं एक प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाताना गाडीत ती सहज बोलल्यासारखं म्हणाली की तिच्या ओळखीची एक कानाची डॉक्टर आहे, एकदा सगळ्यांचेच कान दाखवून येऊ. बाबा खूश झाले. म्हणाले, "हे बरं सुचलं. आधी तुझ्या आईला ने. ठार झालीये."

साहेबांकडेही ती गेली होती. बाहेरचा एखादा ऐकणारा बोलावू या का, माझंच इंजिन, माझेच वडील, बरं दिसत नाही, असं आडून आडून सुचवून पाहिलं. साहेब हसले. घरात विहीर असताना पाणी विकत आणायचं का, म्हणाले. वर संध्याकाळपर्यंत ते बाबांच्या कानावर घातलंही त्यांनी. बाबा दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले तेव्हा एवढंच, "मी आपला-परका करीन असं वाटलं तुला?"

त्यांना वाटत होतं तिला त्यांच्या इमानाची शंका आहे. शंका कानाची आहे हे सांगण्यापेक्षा ही बरी, म्हणून तिनं मान खाली घातली.

६

सहावा सगळ्यात मागचा. एरवी सगळ्यात गरम. इथे घाई करून चालत नाही.

रेघ ओढायच्या दिवशी बाबा काचेसमोर बसले. त्यांनी कप चढवले. डायनोवाला पडद्यापाशी. लेक काचेला लागून उभी. इंजिन पूर्ण दमावर आलं, टर्बोची शीळ चढली, आणि डायनोवाल्यानं ठिणगी केसाकेसानं अलीकडे आणायला सुरुवात केली.

तिच्या लक्षात आलं की बाबांनी डोळे मिटलेले नाहीत. तिला वाटलं, लेकीचं इंजिन आहे, डोळे भरून बघत असतील.

ठिणगी आणखी अलीकडे. ती मनात म्हणत होती, आता येईल, आता यायला हवं, आलं असेल आणि यांना कळलं नसेल. तिचे ओठ सुकले. सिलिंडरमधला दाब मोजणारं एकच उपकरण कारखान्यात होतं, आणि ते पहिल्या सिलिंडरला बसवलेलं. सहाव्यात काय चाललंय हे त्या खोलीत फक्त एका माणसाला ऐकू येणार होतं, आणि त्या माणसाला फ्रिज ऐकू येत नव्हता.

बाबांनी हात वर केला.

डायनोवाल्यानं रेघ ओढली. "बस," बाबा म्हणाले. "हीच हद्द." आणि कप उतरवून त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं, गाऊन उठल्यासारखं.

हात बरोबर वेळी उठला की उशिरा? लेकीला कळायला मार्ग नव्हता. समजा, उशिरा उठला असेल. मग रेघ चढलेली. मग सेन्सर बहिरा. मग साहेबांसमोर, पूर्ण दमावर, सहाव्याच्या पिस्टनला भोक. तसं झालं तर दोन गोष्टी एकदम फुटतील, तिचं इंजिन आणि बाबांचा कान, आणि सगळ्यांच्या देखत.

ज्या तक्त्यात ठिणगीच्या वेळा लिहिलेल्या असतात, तो तिच्याच हातात होता. तिनं वरच्या दमातल्या वेळा मागे सारल्या. थोड्याच. सहाव्याच्या, जुन्या धाकानं, जरा जास्त. ठिणगी उशिरा पडली की नॉकिंग लांब राहतं. थोडी ताकद जाते, जाऊ दे. तिच्या हिशेबात एवढी ओढाताण बसत होती. तरीही चारशे निघत होते, काठावर का होईना. तिनं हिशेब पुन्हा केला. पुन्हा चारशेच आले. आपलंच पोर आहे, थोडं कमी पळालं तर काय बिघडलं, असं म्हणून ती निजली.

साहेबांसमोरच्या चाचणीत इंजिन सुंदर चढलं. शीळ अशी लागली की मागे उभे असलेले दोघे-तिघे उगाचच हसले. काटा तीनशेच्या पुढे गेला, साडेतीनशे, साठ, सत्तर. तिथं तो थबकला. ठिणगी उशिरा म्हणजे जळणंही उशिरा. इंधन सिलिंडरबाहेर पडतानाही जळत होतं आणि ती सगळी आग टर्बोच्या अंगावर जात होती. टर्बोचं लोखंड लाल झालं, मग नारिंगी. त्याला थंड करायला इंजिनाच्या संगणकानं जास्त इंधन ओतलं, त्यानं ताकद आणखी घसरली. त्यावर सेन्सर, काही नसताना, पुन्हा पुन्हा दचकून ठिणगी आणखी मागे ढकलत होता.

तीनशे एकाहत्तर. काटा तिथून हलला नाही.

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि जेवणाची वेळ झाल्याचं सांगितलं.

२

चाचणी संपली की इंजिन उघडायचं आणि पिस्टन ओळीनं टेबलावर मांडायचे, ही तिथली रीत. मेलेल्याचं तोंड बघावं तसं सगळे बघायला येतात. चार सिलिंडरच्या इंजिनाचा करार एव्हाना झालाही होता, तरी रीत म्हणून साहेब आले.

सहा पिस्टन पांढऱ्या कापडावर ठेवलेले. पहिल्यावर थोडी काजळी, दुसऱ्यावर थोडी. सहावा सगळ्यात स्वच्छ. नुकताच अंघोळ करून आल्यासारखा. ना ओरखडा, ना चरा, ना काठावर ती वाळूसारखी खरबरीत खूण. सहाव्याला पहिलं पाणी मिळालं होतं आणि त्यानं ते अंगी लावलं होतं. त्याच्यात अजून कितीतरी सोसायची ताकद होती.

साहेबांनी तो उचलून उजेडात फिरवला. ते मूर्ख नव्हते, हीच पंचाईत. म्हणाले, "एवढं शिल्लक होतं, तर वापरलं का नाही?"

टेबलाभोवती तिघं उभी होती. बाबा, डायनोवाला, ती.

बाबा म्हणाले, "मी हात बरोबर जागी वर केला होता."

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना तसं कुणी विचारलं नव्हतं.

"हो," लेक घाईनं म्हणाली. "बाबांची रेघ बरोबरच होती, साहेब. ठिणगी मी मागे ओढली. मला भीती वाटली."

बाबांचे खांदे खाली आले. साहेबांनी पिस्टन कापडावर ठेवला, हलकेच, दुसऱ्याच्या घरातली वस्तू ठेवावी तसा. तिनं एक संधी मागितली, आठ दिवसांची, एकाच चाचणीची. साहेबांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "आईलाच ज्या पोराचा भरवसा नाही, त्याला शेजाऱ्यांनी का कामाला ठेवावं?" आणि गेले. बाबा त्यांच्यामागून गेले. जाताना लेकीच्या पाठीवर थोपटून म्हणाले की असू दे, पहिलंच होतं, थोडं घाबरट निघालं.

हात धुवायच्या मोरीपाशी डायनोवाला तिच्या शेजारी आला. हा माणूस दिवसाला चार वाक्यं बोले आणि त्यांतली तीन डायनोशी. त्यानं साबणाची पूड हातावर घेतली, बराच वेळ नखं घासली.

"ताई, तुम्ही ठिणगी मागे घेतलीत ते मला माहीत नव्हतं."

"सांगितलं नव्हतं."

"नाहीतर मी रेघ खाली केली नसती."

तिचे हात नळाखाली तसेच राहिले.

"काकांनी हात वर केला, तिथून बोटभर खाली ओढली मी," तो म्हणाला. "म्हटलं उगाच धोका नको. त्यांना ऐकू येत नाही ना."

"कधीपासून माहीत आहे?"

"तुम्हाला कधीपासून?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पाणी वाहत राहिलं. दोघांपैकी एकट्यानं केलं असतं तरी चारशे निघाले असते, हे दोघांनाही तोंडपाठ होतं. निदान तेव्हा तसं वाटलं. तिच्या मनात मात्र एक हिशेब जुळेना. ठिणगी मागे, रेघ बोटभर खाली, दोन्ही धरूनही काटा तीनशे नव्वदच्या खाली जायला नको होता. आणखी कुणीतरी इंजिनाचा गळा धरला होता.

४

चार सिलिंडरचं इंजिन आलं. गुटगुटीत, आखूड मानेचं. त्याचा सेन्सर बाहेरच्यांनी शिकवून पाठवला होता, पण आपल्याकडचं इंधन वेगळं, रेघ आपलीच हवी, असं साहेबांनी ठरवलं. काकांना बोलावणं गेलं. काका भांग पाडून आले.

तीच खोली, तीच काच, तीच नळी. लेकीला तिथं काही काम नव्हतं, तरी साहेबांनी तिला थांबवून घेतलं होतं, बहुधा तिनं दोन गोष्टी शिकाव्यात म्हणून. ती नेहमीच्या जागी, काचेला लागून उभी राहिली. इंजिन दमावर आलं. डायनोवाल्यानं ठिणगी अलीकडे घ्यायला सुरुवात केली.

आज तिला कसलीच धाकधूक नव्हती. इंजिन परक्याचं. म्हणून पहिल्यांदाच तिचं लक्ष इंजिनावरून उडालं आणि काचेवर आलं. काचेत खोली दिसत होती. खोलीत बाबा, कानावर कप, डोळे टक्क उघडे. ते डोळे इंजिनावर नव्हते. काचेतून ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

तिला सगळं एकदम कळलं. आणखी कुणी गळा धरला होता, ते समोरच होतं, काचेत. बाबांना ठाऊक होतं. कुणी सांगायची गरजच नव्हती. ऐकू येत नाही म्हणून ते बघत होते. त्या दिवशीही ते तिचंच तोंड वाचत होते, आणि तिच्या तोंडावर काय होतं? सुकलेले ओठ, आता फुटेल, आता फुटेल. ते वाचून त्यांनी हात वर केला होता. नॉकिंग यायच्या कितीतरी आधी. रेघ तिच्याच भीतीनं ओढली होती. त्यावर डायनोवाल्यानं बोटभर खाली केली, त्यावर तिनं ठिणगी मागे सारली. तिघांनी एकाच लेकराला तीन गोधड्या पांघरल्या आणि ते गुदमरलं.

ठिणगी आणखी अलीकडे आली.

तिनं चेहरा कोरा केला. भिंतीसारखा. हे तिनं मुद्दाम केलं. तिला मागाहून कुणी विचारलं असतं तर तिनं नाही म्हटलं नसतं.

बाबा वाट पाहत होते. हात मांडीवर. ठिणगी आणखी अलीकडे. मग आवाज आला, नळीची गरज न लागता, काचेतून, डब्यात खडे हलवावेत तसा. डायनोवाल्यानं मान वळवून आधी काकांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिनं पापणीसुद्धा हलवली नाही. बाबांचा हात मांडीवरच होता. साहेब मागून म्हणाले, काय हो, हा आवाज कसला?

डायनोवाल्यानं दम खाली घेतला.

बाबांनी कप काढले. त्यांचं तोंड पडलेलं नव्हतं की रागावलेलंही नव्हतं. बराच वेळ पत्ता शोधून चुकीच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसासारखं दिसत होतं.

"आज तुझा चेहरा काही बोलत नाही गं," ते म्हणाले.

त्यांनी कप तिच्यासमोर ठेवले, खुर्ची मागे सारली आणि साहेबांना म्हणाले की हिचे कान माझ्याहून चांगले आहेत, मीच तयार केलेत. मग भांग हातानं सारखा करत दाराबाहेर गेले. दार नीट लागलं नाही. ते कुणी लावलंही नाही.

ती बसली. कप अजून गरम होते. तिनं ते कानावर चढवले आणि डोळे मिटले. डायनोवाल्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आत चार सिलिंडर स्वच्छ ऐकू येत होते, व्हॉल्व्ह वेगळे, पिस्टन वेगळे, आणि खूप वेळानं, अगदी काठावर, पहिला खडा. तिनं हात वर केला. डायनोवाल्यानं रेघ तिथंच ओढली, तसूभर वर नाही, तसूभर खाली नाही.

संध्याकाळी घरी टीव्ही हळू आवाजात चालला होता. बाबांनी आईला विचारलं होतं म्हणे, कुणासाठी एवढा मोठा करतेस? ते टीव्हीसमोर बसून चित्रं बघत होते. लेकीकडे त्यांनी पाहिलं नाही. त्यानंतर त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहायचंच सोडलं.

चार सिलिंडरचं ते इंजिन उत्तम निघालं. कागदावर होती त्याहून जास्त ताकद दिली त्यानं.